दोन बोटं जागा

१

शेवटचं माप कोणी घेतलं?

प्रश्न एवढाच होता. त्यानं तो वहिनीला विचारला, मास्तरांना विचारला, चष्मा म्हणतात त्या दोस्ताला विचारला, कंपनीच्या फोनवरच्या बाईला विचारला. एकदा तर दवाखान्याच्या जिन्यात एका नर्सला गाठून विचारला, तिला दादाचं नावही आठवत नव्हतं. कोणी म्हणालं, कसलं माप? कोणी म्हणालं, जेवलास का? कोणी नुसता खांद्यावर हात ठेवला. उत्तर काही कोणी दिलं नाही.

आठवीत शाळा सोडून तो गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात लागला होता. अंगानं हा एवढा आडवा, म्हणून सगळे त्याला पिंप म्हणायचे. दादा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा आणि अंगानं निम्मा. आईवडील लवकर गेले, त्यामुळे दादाच त्याचा बाप, दादाच त्याची शाळा, आणि कान पिळायलाही दादाच.

दादाला वेड एकाच गोष्टीचं होतं, सिनेमातल्या एका चिलखताचं. त्या सिनेमात राजवाड्याच्या दारावर एक पहारेकरी उभा असतो. त्याचं तोंड दिसत नाही, तो एक शब्द बोलत नाही, आणि पडद्यावर असतो मोजून अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांवर दादानं दहा-अकरा वर्षं घातली. फोमच्या शीट कापायच्या, गरम हवेच्या बंदुकीनं वाकवायच्या, चिकटवायच्या, फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपरनं घासायचं. मग पिंपानं रंग मारायचा, असा की काल केलेलं काम शंभर वर्षांचं दिसावं. तेवढं मात्र त्याला दादापेक्षा चांगलं जमायचं. असेच वेडे आणखी दोघं होते. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि चष्मा झेरॉक्सच्या दुकानात होता. दर रविवारी दुपारी चौघं दोघा भावांच्या घराच्या मागच्या खोलीत जमायचे आणि वहिनी चहाची किटलीच आणून ठेवायची.

दादाला जाऊन चार महिने झाले होते. दवाखान्यातून फोन आला तेव्हा पिंप एका गाडीच्या दारावर प्रायमर मारत होता. "एवढा कोट मारून येतो," असं तो वहिनीला म्हणाला. कोट वीस मिनिटांचा होता. दादा तेवढा थांबला नाही.

२

कंपनीच्या मालावर या मंडळींचा काडीचा विश्वास नव्हता. सिनेमावाल्यांनी परवाना दिलेली कंपनी, खोक्यावर चकचकीत शिक्का, शिक्क्यावर 'अधिकृत', आणि आत बघावं तर तलवारीची मूठ उलटी बसवलेली. त्यामुळे गटात 'अधिकृत' ही शिवीच झाली होती. कोणी फोमची शीट उलटी कापली की मास्तर म्हणायचे, "अगदीच अधिकृत आहेस रे तू." कंपनीचा माल कपाटात ठेवायला असतो, अंगात घालायला नाही, कारण त्यांनी जन्मात कुणाचं अंग मोजलेलं नसतं, असं दादा म्हणायचा. नवीन काही बाजारात आलं की मागवायचं, टेबलावर मांडायचं आणि चुका काढायच्या, हा शिरस्ता होता. त्याला ते पोस्टमॉर्टेम म्हणत. दादा गेल्यापासून मात्र तो शब्द कोणाच्या तोंडून निघत नव्हता.

पहारेकऱ्याचं अधिकृत चिलखत दादानंच आजारपणात नोंदवून ठेवलं होतं. "येऊ दे, सोलून काढू," म्हणाला होता. ते आता आलं.

"एकच साइज," चष्म्यानं खोक्यावरचं वाचलं. "म्हणे, सर्वांना होते. बघा, सुरुवातच थापेनं."

"सर्वांना म्हणजे या पिंपालाही?"

"पिंपाला झालं तर मी त्या कंपनीत शिपाई लागेन, मास्तर."

एकेक भाग बाहेर आला. छाती, पाठ, दोन खांदे, हेल्मेट. चष्म्यानं सिनेमातली छापून आणलेली चित्रं टेबलावर पसरली आणि भिंग काढलं. अर्धा तास गेला, चहा गार झाला, तरी चूक सापडेना. रिबिटं बरोबर, रंग बरोबर, छातीवरची वाकडी रेघसुद्धा जिथं हवी तिथंच. हेल्मेटची काच तेवढी तिरपी बसली होती, ती बघून मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"थांबा," चष्मा एकदम म्हणाला. "डाव्या खांद्याला खाचा किती?"

"तीन."

"सिनेमात?"

मास्तरांनी चित्र बघितलं. मग पिंपाकडे बघितलं.

सिनेमात खाचा चार होत्या. दादाच्या चिलखताला तीन. दादानं ज्या चित्रावरून मोजल्या, त्यात चौथी खाच शेजारच्या पहारेकऱ्याच्या भाल्याआड गेली होती. चूक कळेपर्यंत खांदा रंगवून झाला होता. "राहू दे, माझा पहारेकरी तीन खाचांचा," म्हणून दादानं तेच माप इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाटून टाकलं होतं. अशी चूक जगात दुसऱ्या कोणी केली नव्हती.

"चोर लेकाचे!" मास्तरांनी टेबलावर थाप मारली. "आपल्या दादाचं माप उचललं! चुकीसकट उचललं!"

"दादा अधिकृत झाला की हो," चष्मा म्हणाला, आणि तिघंही हसले. चार महिन्यांत त्या खोलीत पहिल्यांदाच कोणी हसलं होतं. पिंपाला हसता हसता उचकी लागली, आणि ती उचकीच आहे असं सगळेच धरून चालले.

३

चिलखत एकट्याला घालता येत नाही. चारही पट्टे पाठीवर असतात. दुसऱ्यानं मागं उभं राहून ते ओढायचे, बक्कल लावायचं आणि पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायचं. दोन बोटं जागा राहिली पाहिजे. कमी राहिली तर माणूस गुदमरतो, जास्त राहिली तर चिलखत लोंबतं. गटात बोटं घालणाऱ्यानं विचारायचं, "श्वास?" आणि चिलखत घातलेल्यानं म्हणायचं, "आहे." हेही दादानंच लावून दिलेलं.

मास्तरांनी छाती लावून पाहिली. पोट आड आलं. चष्मा म्हणजे नुसती काडी, पण त्याच्याही पाठीवर पट्टे वीतभर तोकडे पडले. पिंपाच्या तर निम्म्या अंगालाही ते पुरलं नाही.

"सर्वांना होते म्हणे," चष्मा घाम पुसत म्हणाला. "ज्याला होईल असा माणूस जिवंत तरी..."

तो मध्येच थांबला. मास्तरांनी चित्रं गोळा करायला घेतली. पाच मिनिटांत दोघंही निघून गेले.

पिंपानं आवरायला घेतलं. छाती आणि पाठ एकमेकांना जोडून त्यानं उचलली आणि आत बघितलं. आतून राखाडी फोमची गादी होती. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, बरोबर चार बोटं खाली, त्या गादीत एक खळगा होता. अंगठा बसेल एवढा गोल.

दादाला तिथंच कातडीच्या आत औषधाची डबी बसवली होती. सुया टोचून टोचून हातांच्या शिरा संपल्या, म्हणून. तिथं काही टेकलं की तो कळवळायचा.

असतो एखादा खळगा, पिंपानं स्वतःला सांगितलं. साच्यात हवा अडकली असेल, गॅरेजात लांबी भरतानाही अडकते. आणि मग, का कोण जाणे, त्यानं त्या रिकाम्या चिलखताला दोन्ही हातांनी मिठी मारली.

शेवटचे दोन महिने दादाला उचलायचं काम त्याचंच होतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. दोन्ही हातांचा विळखा घालून उचलायचं. दादा आटत गेला तसतशी पिंपाच्या डाव्या हाताची बोटं उजव्या हातावर पुढं पुढं सरकत गेली, आधी मनगटाजवळ, मग त्याच्या वर. शेवटच्या दिवशी सकाळी, कामावर जाण्याआधी दवाखान्यात त्यानं दादाला उचललं, तेव्हा बोटं कोपराजवळच्या भाजल्याच्या जुन्या डागाला टेकली होती.

आत्ताही ती डागालाच टेकली.

४

दादाच्या खणात तपकिरी कागदावर काढलेला चिलखताचा शेवटचा नकाशा होता. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी वहिनीनं माप घेतलं होतं. दादाला उभं राहवत नव्हतं, तरी हट्ट केला होता की आता अंगाला होईल असं नवं करायचं. कागदावर वहिनीच्या अक्षरात लिहिलं होतं, छाती बत्तीस. त्यानंतर दादा नऊ दिवस होता. ते नऊ दिवस दवाखान्यात गेले.

पिंपानं टेप लावून कंपनीचं माप घेतलं. तीन वेळा घेतलं. तीस आलं.

म्हणजे इंटरनेटवरून उचललं म्हणावं, तर हा कागद खणाच्या बाहेर गेलाच नव्हता. आणि या कागदावरही तीस नव्हतं. तीस फक्त पिंपाच्या हातांना माहीत होतं, तेही आकड्यानं नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजातल्या जेवणाच्या सुट्टीत त्यानं खोक्यावरचा नंबर फिरवला.

"साइज एकच आहे, सर," बाई म्हणाली. आवाज गोड होता, कुठल्याशा मोठ्या हॉलमधून आल्यासारखा. "सर्वांना होते."

"अहो बाई, तिघांनी घालून पाहिलं. कुणालाच होत नाही."

"होते, सर. थोडा वेळ लागतो."

"म्हणजे?"

"आणखी काही मदत हवी आहे का, सर?"

"हे माप कुणाचं आहे?" पिंपाचा आवाज चढला. शेजारच्या गाडीखालचा पोरगा बाहेर डोकावला. "शेवटचं माप कोणी घेतलं, ते सांगा! नाव सांगा!"

फोनवर संगीत सुरू झालं. ते बराच वेळ वाजलं. पिंपानं फोन थिनरच्या डब्यात फेकला, आणि मग स्वतःच हात घालून काढला.

५

घरी आला तर चिलखत मागच्या खोलीत नव्हतं.

"माझ्या खोलीत ठेवलंय," वहिनी म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "चालेल ना?"

"कशाला पण?"

"हसणार नसाल तर सांगते, भावजी." तिनं घडीवरून हात फिरवला. "सकाळी पुसायला घेतलं. जवळ घेतलं, तर हात बरोबर तिथंच आले."

आपलेही आले, हे पिंपानं सांगायला हवं होतं. त्यानं नुसती मान हलवली. तेवढं तरी तिच्या वाट्याला येऊ दे, असं त्याला त्या वेळी वाटलं. पुढं कित्येकदा त्यानं त्या मान हलवण्यावरून स्वतःला शिव्या दिल्या.

तीन आठवड्यांत वहिनीचं मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायला लागलं. ताटात वाढून घ्यायची आणि चमच्यानं इकडचं तिकडं करत बसायची. पिंपानं तिला ओढतच डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या ठीक आल्या. "मन लागत नसेल," डॉक्टर म्हणाले आणि एक लाल औषध लिहून दिलं. मन कुठं लागलेलं होतं, हे पिंपानं त्यांना सांगितलं नाही. त्याला नीट सांगताच आलं नसतं.

एके सकाळी ती अंघोळीला गेलेली असताना तो तिच्या खोलीत शिरला. चिलखत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलेलं होतं. त्यानं आत हात घातला. डाव्या बाजूचा खळगा चाचपला. तिथं गादी सपाट होती. दुसऱ्यांदा चाचपली. मग हात उजवीकडं नेला.

उजव्या खांद्याच्या हाडावर नवा खळगा होता. लांबट, शेंगेसारखा.

लहानपणी सायकलवरून पडून वहिनीचं ते हाड मोडलं होतं. जुळताना उंचवटा राहून गेला. बाहेरच्या माणसाला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

रविवारी त्यानं मास्तरांना आणि चष्म्याला सगळं सांगितलं. पुढचं मागं, मागचं पुढं, पण सांगितलं.

"मऊ फोम असतो रे तसला," मास्तर म्हणाले. "ऊब लागली की अंगाचा आकार धरतो. वहिनी जवळ घेऊन बसत असतील."

"आणि मला सांग," चष्म्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, "एवढं अंगाबरहुकूम काम त्यांना जमलं असतं, तर हेल्मेटची काच तिरपी बसवली असती का? पिंपा, ही कंपनी आहे. तिच्या बापालाही हे जमायचं नाही."

हीच तर पंचाईत होती. या माणसांनी कंपनीच्या एका रिबिटावर कधी विश्वास ठेवला नव्हता. कंपनीच्या मूर्खपणावर मात्र त्यांचा पुरता विश्वास होता, आणि तिथून त्यांना हलवणं पिंपाच्या ताकदीबाहेरचं होतं.

तो वहिनीशीही बोलला.

"वहिनी, आता त्यात दादा नाही."

"माहीत आहे," ती शांतपणे म्हणाली. "पाच-सहा दिवस झाले. हात आता वेगळे येतात."

"मग द्या मला. लांब टाकून येतो."

"ते जिथं होते, भावजी, तिथं आता मी आहे. एवढंच झालंय. ती जागाही टाकून देणार तुम्ही?"

६

त्यानं पुन्हा विचारलं नाही. गुरुवारी ती बाजारात गेली तेव्हा चिलखत पोत्यात घालून त्यानं गॅरेजात नेलं आणि ग्राइंडर सुरू केला. तुकडे करायचे, विषय संपवायचा.

ग्राइंडरचं पातं खांद्यावर धरलं आणि नजर खाचांवर गेली. तीन. हात पुढं जाईना. ग्राइंडर नुसताच घोंगावत राहिला. शेवटी मालक ओरडला, तेव्हा त्यानं बटण बंद केलं.

मग त्याला दुसरं सुचलं. त्याच्या धंद्यातलं. खड्डा आहे ना, मग भरून टाकू. माप चुकलं की वहिनीला ते बसायचं नाही, बसलं नाही की तिचं मनही उठेल. त्यानं लांबी कालवली, पात्यानं त्या लांबट खळग्यात दाबून भरली, सुकू दिली, घासून सपाट केली. काम झकास झालं. ती परतायच्या आत चिलखत पुन्हा खुर्चीवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी केस विंचरायला बसली आणि उजवा हात वरच जाईना. खांद्यापर्यंत यायचा आणि अडकायचा. दुखत नाही, म्हणाली. आत काहीतरी भरून आल्यासारखं वाटतं.

पिंप तिच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं, आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं ती लांबी कोरून काढायला लागला. कणकण. गादीला धक्का लागू नये म्हणून श्वास रोखून. काम तास-दीड तास चाललं. शेवटची भुकटी फुंकून टाकेपर्यंत स्वयंपाकघरातून फणीचा आवाज यायला लागला होता. वहिनी केस विंचरत होती.

झोपेत हात अवघडला असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. होतं असं. गॅरेजातही कितीजणांचे खांदे धरतात. होतं.

त्याच्या गुडघ्यांवर लांबीची पांढरी धूळ पडली होती आणि ती झटकायची त्याला भीती वाटत होती.

७

मंगळवारी दुपारी रंग संपला म्हणून गॅरेज लवकर बंद झालं. साडेबारा वाजले असतील. पिंप घरी आला तेव्हा बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. रस्त्यावर कोणीतरी गाद्या झोडपत होतं, त्याचा धप् धप् आवाज घरभर येत होता.

वहिनीच्या खोलीचं दार हातभर उघडं होतं.

ती खिडकीकडं तोंड करून उभी होती. अंगात चिलखत होतं. दोन्ही हात समोर खिडकीच्या गजांवर, बोटं गजांना घट्ट धरलेली. ते हात त्याला स्पष्ट दिसत होते. पुढं त्यानं स्वतःला कितीदा तरी हेच सांगितलं, की ते दोन्ही हात मला दिसत होते.

पाठीवरचे वरचे तीन पट्टे लागलेले होते. चौथा, खालचा, मोकळा लोंबत होता.

तो उचलला गेला. त्याचं टोक बक्कलात शिरलं, थोडं थांबलं, मग पुढं सरकलं. एक भोक. आणखी एक भोक. ओढायची घाई नव्हती, माणूस सवयीनं ओढतो तसं. बक्कल लागल्याची टिक् झाली. मग पट्टा मधोमध किंचित उचलला गेला. खालून दोन बोटं घातल्यावर उचलला जातो, तेवढाच. दोन बोटांची रुंदी, अगदी दोनच.

गाद्या झोडपण्याचा आवाज थांबला होता.

"आहे," वहिनी म्हणाली.

कोणी विचारलेलं पिंपाला ऐकू आलं नाही.

पट्टा खाली बसला. मग तोच पुन्हा उचलला गेला, बक्कल सुटलं, आणि टोक पुढच्या भोकाकडं निघालं.

दादा असता तर एवढं आवळलं नसतं, हे पिंपाला त्या क्षणी कळलं. दादा कधी दुसऱ्यांदा आवळायचा नाही. एवढं कळलं आणि तो बुटांसकट आत घुसला. दार भिंतीवर आपटलं. खोलीत वहिनीशिवाय कोणी नव्हतं. त्यानं चारही बक्कलं ओढून सोडवली, शेवटच्याला नखं तुटली. आतून वहिनी निघाली ती इतकी हलकी, की उचलताना त्याचा तोल मागं गेला. त्याच्या हातांना त्या वजनाची ओळख पटली.

आणि बोटं कुठवर आली, हे न बघताही त्याला कळलं. डागापासून अजून दोन बोटं लांब होती.

८

रविवार उजाडेपर्यंत पिंप तिच्या दाराशी बसून राहिला. कामावर गेला नाही. या वेळी त्याला कुठलाही कोट मारत बसायचं नव्हतं.

डोकं त्याचं फार चालायचं नाही, पण एका दिशेनं चाललं की थांबायचंही नाही. मोडता येत नाही, कारण मोडलं तर ते कुणाला लागेल हे ठाऊक आहे. टाकता येत नाही, कारण ती शोधून आणेल. पण दादाला सोडल्यावर त्यानं वहिनीला धरलं. म्हणजे दुसरं अंग मिळालं की पहिलं सुटतं. निदान वहिनी अजून आहे तोवर सुटायला हवं. आणि गटात सगळ्यात जास्त अंग कुणाचं?

मास्तर आणि चष्मा आले तेव्हा तो मागच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसला होता. शेजारी मोडक्या गाड्यांतून काढलेले, गॅरेजातल्या पोराकडून मागवलेले सीट-बेल्ट होते. चिलखताचे चारही पट्टे उसवून त्यानं त्या जागी ते लांबलचक काळे पट्टे शिवले होते. दोऱ्याचे टाके वेडेवाकडे, पण दुहेरी.

"हे काय नवीन?" मास्तरांनी विचारलं.

"मी घालणार आहे."

"तू?" चष्म्याला हसू फुटलं. "पिंपाला झाकण बसवणार होय?"

"छाती आणि पाठीच्या मध्ये हातभर फट राहील. राहू दे. पट्टा पुरतोय." पिंपानं वर बघितलं नाही. "एवढंच करा. मागून तुम्हीच लावायचं. रोज या. एकानं तरी या. तुमच्याशिवाय कोणी लावायला नको."

"रोज? अरे, तू काय ते अंगावरून काढणारच नाहीस?"

"झोपताना काढीन. ते माझ्याच खोलीत राहील."

मास्तर उकिडवे बसले. त्यांनी पिंपाच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "बाळा, पाच महिने झालेत. रडून घे एकदा. हे असलं काही करू नकोस."

"रडतो नंतर. लावाल ना?"

चष्म्यानं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी खांदे पाडले. "लावू," ते म्हणाले. समजूत घालताना म्हणतात तसं.

दारात वहिनी येऊन उभी राहिली होती, चौकटीला धरून. तिनं सीट-बेल्ट बघितले, शिवण बघितली.

"भावजी, नका."

"तुम्ही जेवायचं," पिंप म्हणाला. "दोन वेळा. ताट स्वच्छ झालं पाहिजे. मी बघणार."

"ते मला द्या परत."

"देतो ना. माझं झालं की." तो हसला. मोठ्या अंगाच्या माणसाचं हसू असतं तसं, गालांत बुडालेलं. "माझ्यात माल पुष्कळ आहे, वहिनी. लवकर संपायचा नाही."

तिनं एक पाऊल पुढं टाकलं. दुसरं टाकता आलं नाही, ती तिथंच उंबऱ्यापाशी बसली. चष्मा पाणी आणायला धावला.

पिंपानं गॅसच्या शेगडीवर एक जाड खिळा तापत ठेवला होता. पकडीत धरून तो आणला आणि पहिल्या पट्ट्यावर, जिथं आज बक्कल लागायला हवं तिथं टेकवला. नायलॉन चर्रकन वितळलं, गोल भोक पडलं, जळका वास सुटला. पट्टे चार, भोकं चार. मास्तर उठायला लागले. पण पिंपानं खिळा पुन्हा तापवला आणि पहिल्या भोकापासून बोटभर आत दुसरं पाडलं.

"पुरे की," चष्मा म्हणाला. "एक भोक पुरतं."

पिंपानं तिसरं पाडलं. मग चौथं. खिळा निवला की उठायचा, तापवून आणायचा, पुन्हा बसायचा. एकेका पट्ट्यावर बोटाबोटाच्या अंतरानं रांग आत आत सरकत गेली. मास्तरांच्या अंगाला लागेल तिथवर, चष्म्याच्या अंगाला लागेल तिथवर, आणि त्याच्याही आत. नायलॉन नवं असताना भोकं पाडलेली बरी, नंतर घाईत पाडली की पट्टा फाटतो, एवढंच पिंप एकदा म्हणाला. नंतर यांना रोज खिळा तापवत बसायला लागू नये. मास्तरांचा हात कापतो, आणि चष्म्याला आगीची भीती वाटते.

चौथ्या पट्ट्यावर शिवणीपाशी जागा संपली, तिथं त्यानं शेवटचं भोक पाडलं, फुंकर मारून त्याची कड निववली, चिलखत अंगावर चढवलं, आणि दोन्ही हात जरा वर धरून त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिला.